आवेदन आणि रपट: उभ्या गाडीतल्या चोरीचा आढावा

शनिवारी सकाळी सावनेर ओलांडून सौंसरच्या रस्त्याला लागलं की निम्म्याहून अधिक गाड्यांवर एमएच 31, 40 किंवा 49 दिसतं. सगळे जामसावळीला निघालेले असतात. पिंपळाखालचा झोपलेला मारुती नागपूरकरांचा जितका, तितकाच छिंदवाड्याचा. दर्शन आटोपलं की काही गाड्या मोहगावकडे वळतात, कारण तिथे सर्पा नदीच्या काठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. आता हा सगळा भाग पांढुर्णा जिल्ह्यात येतो. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन हा जिल्हा झाला. घरात मराठी, थान्यात हिंदी, दवाखाना नागपूरचा आणि कोर्ट सौंसरचं, असा इथला संसार. उभ्या गाडीतल्या चोरीचा आढावा इथे उभं राहून घेतला, तर या प्रश्नाच्या मोठ्या शहरात न दिसणाऱ्या शिवणीही उसवलेल्या दिसतात.

माणूस किमती वस्तू गाडीत का ठेवतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ‘एवढं सोनं गाडीत ठेवलंच कशाला?’ हा प्रश्न चोरी झालेल्याला दिवसभरात दहा जण विचारतात, त्यात नातेवाईक नऊ असतात. उत्तर साधं आहे. देवळाच्या रांगेत पाकीटमार असतात, म्हणून पर्स गाडीत ठेवली जाते. चामड्याचं पाकीट देवापुढे नको, म्हणून तेही गाडीतच राहतं. लग्नात मुक्काम नसतो, कार्यालयातल्या खोलीला धड कडी नसते, म्हणून पोत, एकदाणी आणि आहेराची पाकिटं सीटखाली जातात. शेतकरी कापसाचे किंवा संत्र्याचे पैसे बँकेतून काढतो, खताच्या दुकानापुढे थांबतो आणि रक्कम स्कूटरच्या डिक्कीत टाकून ‘दोन मिनिटांत’ येतो. म्हणजे वस्तू गाडीत ठेवली जाते ती बहुतेक वेळा बेफिकिरीने नव्हे, दुसऱ्या चोराच्या भीतीने.

चोरालाही हे माहीत असतं. 1979 साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी चोरीचं एक साधं गणित मांडलं. चोरीची इच्छा असलेला माणूस, हाताशी येणारी वस्तू आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की चोरी होते. देवस्थानाचं पार्किंग, बँकेसमोरचा रस्ता आणि लग्नाचं लॉन या तिन्ही ठिकाणी हा योग रोज जुळून येतो. गाडीवाला किती वेळाने परतणार, हे रांगेकडे पाहूनच कळतं.

पद्धती फार नाहीत. एक तर पाळत ठेवायची. बँकेतून बाहेर पडलेल्याच्या मागे दुचाकी लावायची आणि तो गाडी सोडेपर्यंत थांबायचं. दुसरी म्हणजे लक्ष उडवायचं. ‘काका, ऑइल गळतंय’, ‘टायर बसलाय’, ‘तुमच्या नोटा पडल्या’ अशी हाक ऐकून चालक उतरतो, वाकून पाहतो आणि तेवढ्यात पलीकडचं दार उघडून बॅग जाते. दिल्लीत काचेवर टकटक करून हेच करणाऱ्यांना पोलीस आणि वर्तमानपत्रं ‘ठकठक गँग’ म्हणतात. तिसरी पद्धत रिमोटची. आपण चालता चालता मागे हात करून बटण दाबतो, जवळपास कुणी जॅमर चालवत असतो, गाडी बंद होतच नाही. यावरचा उपाय फुकट आहे: दाराची मूठ एकदा हाताने ओढून पाहायची. चौथी पद्धत काच फोडण्याची.

काचेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. गाडीची समोरची काच दोन थरांची असते आणि मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. ती तडकते, पण जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र टणक केलेल्या असतात. काच खूप तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो. अशी काच बोथट फटका बराच सोसते. पण बाहेरचा थर एखाद्या बिंदूत भेदला गेला की आतला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि सगळी काच साबुदाण्यासारखी ओघळते. गलोलीतून सुटलेला छर्रा एवढंच करतो. मोठा आवाज होत नाही, धारदार तुकडे उडत नाहीत. अपघातात माणसाचा गळा कापला जाऊ नये म्हणून केलेली ही योजना चोराच्याही हाताला इजा होऊ देत नाही.

काळी फिल्म लावून आतलं लपवावं म्हटलं, तर तो मार्गही जवळपास बंद आहे. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात काळ्या फिल्मवर बंदीच घातली. कारण होतं बंद काचांआड होणारे गुन्हे, विशेषतः स्त्रियांवरचे, आणि ते पटण्यासारखं आहे. मग उरते डिक्की. इथे एक बारीक गोष्ट लोक विसरतात. पार्किंगमध्ये पोहोचल्यावर सगळ्यांच्या देखत डिक्की उघडून बॅग आत ठेवणं म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला पत्ता देणं. ठेवायची तर घरून निघतानाच ठेवावी. शिवाय छोट्या गाड्यांची मागची सीट आतून पुढे पाडता येते. काच फुटली की डिक्कीही उघडीच समजायची.

आता चोरी झाल्यानंतरचं. माझ्या मते हा प्रश्न खरा इथेच अडतो.

असं समजा की नागपूरचं एक कुटुंब दर्शनाहून परतलं आणि काच फुटलेली दिसली. ते थान्यात जातात. महाराष्ट्रातल्या माणसाला इथे पहिला धक्का शब्दांचा बसतो. ‘पीआय साहेब’ म्हणून चालत नाही, इथे ‘टीआय’ असतात. तक्रारीची ‘रपट’ होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ऐकू येतं: ‘आवेदन दे दो, जाँच करवा लेते हैं.’ दमलेलं कुटुंब अर्ज लिहून देतं, त्यावर शिक्का घेतं आणि काम झालं असं समजून सावनेरच्या रस्त्याला लागतं. पण शिक्का मारलेलं आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे. त्याला गुन्हा क्रमांक नसतो, तपास अधिकारी नसतो, कोर्टात त्याची नोंद नसते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात याच गोष्टीचं दुसरं रूप भेटतं. तिथे ‘गहाळ’ झाल्याचा दाखला मिळतो. चोरीची वस्तू कागदावर हरवलेली वस्तू होते आणि थान्याच्या आकड्यांत एक गुन्हा कमी दिसतो. हा दोष एका राज्याचा नाही. आकड्यांवरून कामाची पारख करणाऱ्या प्रत्येक खात्यात तो उगवतो.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगून ठेवलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ‘झिरो एफआयआर’ थेट कायद्यात आली आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. सौंसर-सावनेरसारख्या भागासाठी हे कलम सोन्याच्या मोलाचं आहे. चोरी घरी पोहोचल्यावर लक्षात आली, तर नागपूरच्या ठाण्यातही नोंद करता येते. ती नंतर मध्य प्रदेशात वर्ग होते. गाडी दिवसभरात तीन ठिकाणी थांबली होती आणि बॅग नेमकी कुठे गेली ते ठाऊक नाही, हेही अडचणीचं कारण होऊ शकत नाही. गुन्हा अनेक हद्दींपैकी कुठे घडला हे अनिश्चित असेल, तर त्यातल्या कुठल्याही हद्दीत खटला चालू शकतो, असं कलम 198 सांगतं. माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

एक फट मात्र आहे आणि ती जाणून घ्यावी. तीन वर्षं किंवा त्याहून अधिक, पण सातहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 303, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची असल्याने त्यात बसते. ‘आवेदन’वाल्या सवयीला यामुळे कायदेशीर टेकू मिळाला. दुसरी फट रकमेची. चोरीचा माल 5,000 रुपयांहून कमी असेल, तर साधी चोरी अदखलपात्र ठरते आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच होत नाही. पर्समध्ये 1,200 रुपये, आधार कार्ड, गाडीचं आरसी आणि घराच्या किल्ल्या होत्या असं कुणी प्रामाणिकपणे लिहून दिलं, तर हिशेबात 1,200 येतात. कागदांना बाजारभाव नाही. पर्स, चष्मा, पॉवर बँक, फोनचं कव्हर, ज्याला किंमत आहे ते सगळं यादीत यायला हवं. हा खोटेपणा नव्हे, पूर्णपणा आहे.

न्याय संहितेच्या कलम 305 कडेही बोट दाखवावं. घरातल्या चोरीसाठी जुन्या दंडविधानात 380 होतं, गाडीतल्या चोरीसाठी मात्र साधं 379 च लागायचं. नव्या संहितेत माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरी 305 खाली घेतली आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे 5,000 ची अटही नाही, 14 दिवसांची चौकशीही नाही. टॅक्सी किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीबाबत शंका नको. घरची कार यात बसते का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालावा वकिलाने कोर्टात. थान्यात आपण कलमाचा उल्लेख केला तर बिघडत काही नाही.

थान्यात जाण्याआधी गाडी पुसू नये, काचा झाडू नयेत. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते, कारण आपल्याकडे काच फुटली की पहिली धाव झाडूकडे असते. आतून-बाहेरून फोटो काढावेत, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याची दिशा पाहून ठेवावी. छोट्या दुकानांच्या कॅमेऱ्यात जुनं चित्रण थोड्याच दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, त्यामुळे तक्रारीत कॅमेऱ्याचा उल्लेख पहिल्याच दिवशी हवा.

त्यानंतरचं काम फोन आणि बँकेचं, आणि त्याची घाई सोन्याच्या शोधापेक्षा मोठी. गेलेलं सोनं त्या संध्याकाळपर्यंत वितळलेलं असू शकतं, त्यावर आपला इलाज नाही. फोन आणि कार्ड मात्र चोराच्या हातात जिवंत असतात. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून कार्डं, यूपीआय आणि चेकबुक थांबवावं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं असलं, तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असतं. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहून ठेवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पैसे उडालेच असतील तर 1930 वर फोन करावा. मग नवं सिम. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. बँकेचं काम ओटीपीवर सोडून बसलं तर एक अख्खा दिवस हातचा जातो. शेवटी ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय देऊन हँडसेट बंद करता येतो. ही सोय मे 2023 पासून देशभर आहे. चोराने सिम बदललं तरी तो फोन कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही.

आणि किल्ल्या! पर्समध्ये घराची किल्ली आणि पत्ता छापलेलं आरसी एकत्र गेलं असेल, तर कुलूप त्याच दिवशी बदलावं. तुम्ही सौंसरच्या थान्यात बसला आहात आणि नागपूरचं घर रिकामं आहे, एवढं चोराला त्या दोन वस्तूंतून कळतं. मुळात आरसी आणि लायसन्स गाडीत ठेवायची गरजच 2018 पासून उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत कायद्याने चालते. तरीही ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात मूळ कागद बाळगणारे घरोघरी आहेत. माझ्याही घरात एक आहेत, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

विम्याबद्दल गैरसमज ठरलेला असतो. ‘गाडीचा फुल इन्शुरन्स आहे’ म्हणजे गाडीचा आहे, गाडीतल्या पर्सचा नाही. फुटलेली काच मिळते आणि काचेवर घसारा कापला जात नाही. पण 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये, त्यावरच्या गाडीला 2,000 रुपये आपल्या खिशातून जातात. वर नो-क्लेम बोनस, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, तो जातो. छोट्या गाडीच्या दाराची एक काच असेल तर क्लेम न करणं बहुधा स्वस्त पडतं. वैयक्तिक सामानासाठी वेगळी पुरवणी घेता येते, पण अशा पुरवण्यांमधून रोकड आणि दागिने सर्रास वगळलेले असतात, आणि एफआयआर मागितली जातेच. पुन्हा गाडी आवेदनापाशी येऊन अडते.

पार्किंगवाल्याची जबाबदारी किती? ‘वाहन व सामान मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलं की विषय संपला, असं सगळे धरून चालतात. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात तो संपला नाही. 1998 साली तिथे व्हॅलेच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली आणि गाडी ताब्यात घेतल्यावर हॉटेलला निष्काळजीपणाची जबाबदारी पावतीवरच्या ओळीने झटकता येत नाही. निकालाची मेख ‘ताब्यात’ या शब्दात आहे. देवस्थानाच्या मैदानात आपण किल्ली खिशात घालूनच जातो, 50 रुपये देतो ते जागेचे. तिथे हा निकाल तेवढ्या जोराने लागू पडणं कठीण, आणि गाडीतल्या ऐवजाचं तर अजूनच. लग्नाच्या लॉनवर किल्ली पार्किंगच्या पोराच्या हातात दिली असेल, तर गोष्ट वेगळी. तक्रार करायचीच झाली, तर 2019 च्या ग्राहक कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. तिकडच्या तारखांसाठी नागपूरहून फेऱ्या मारायला नकोत.

परदेशात हा प्रश्न सुटलाय असं समजणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडे पाहावं. 2017 साली त्या एका शहरात 31,000 हून अधिक गाडीफोडी नोंदल्या गेल्या. भाड्याच्या गाडीत पासपोर्टसकट बॅगा ठेवून पूल पाहायला गेलेले पर्यटक हे तिथलं सोपं गिऱ्हाईक. त्यात कायद्याची गंमत अशी की गाडीफोडीचा मोठा गुन्हा लावायचा तर दार कुलूपबंद होतं हे सिद्ध करावं लागे. काच फुटलेली आहे आणि कोर्टात मात्र प्रश्न दाराचा! साक्ष द्यायला पर्यटक परत कुठून येणार? 2024 साली कॅलिफोर्नियाने कायदा करून ही पळवाट बंद केली. आपल्या कायद्यात कुलूप हा मुद्दा कधी नव्हताच. ताब्यातली वस्तू संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. कायद्याच्या बाबतीत आपण पुढे, नोंदीच्या बाबतीत मागे. तिथे ‘वाहनातून चोरी’ हे आकडेवारीतलं वेगळं खातं आहे. आपल्या राष्ट्रीय आकडेवारीत गाडीची चोरी वेगळी दिसते, गाडीतली चोरी मात्र इतर चोऱ्यांच्या गर्दीत मिसळून जाते.

तपासाच्या एका बाजूबद्दल बोलायला अवघड वाटतं, पण टाळणं बरोबर नाही. या पट्ट्यात चोरी झाली की पहिली नजर कुणाच्या पालांकडे वळते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला, नजरेतून नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मराठी वाचकाला हा अनुभव आतून कळला. तक्रार देताना ‘कुणावर संशय?’ असा रकाना येतो. तिथे पाहिलेलं लिहावं, ऐकलेलं नाही. मंदिराबाहेर फुगे विकणारी पोरं दिसली होती म्हणून त्यांची नावं घातली, तर काच फोडणारा दुचाकीवरून तोवर मुलताई ओलांडून गेलेला असतो आणि पालावर मात्र रात्रभर दिवे जळतात.

समजा माल सापडला. असं क्वचित होतं, पण होतं. सापडलेली पोत आपलीच, हे कसं सांगणार? आजीच्या पोतीचं बिल नसतं. कामी येतो लग्नाचा अल्बम. गळ्यातलं डोरलं स्पष्ट दिसेल असा एक फोटो दहा साक्षींच्या तोडीचा असतो. नव्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने त्याच्याशिवाय विकता येत नाहीत. तो क्रमांक टिपून ठेवला असेल तर ओळख पटवणं एका ओळीचं काम.

मग माल मालखान्यात जातो, आणि पूर्वी वर्षानुवर्षं तिथेच पडून राही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन माल लवकर परत द्यावा, पंधरा दिवस ते महिन्याच्या पुढे ठाण्यात ठेवू नये. नागरिक सुरक्षा संहितेने कलम 497 मध्ये हेच मुदती घालून लिहिलंय. अर्ज मात्र आपणच करायचा असतो, कुणी बोलावून देत नाही. कोर्टात ‘सुपुर्दनामा’ लिहून घेतात: खटला संपेपर्यंत ही वस्तू विकणार नाही, मोडणार नाही, तिचं रूप बदलणार नाही, बोलावलं की हजर करीन. सोनाराकडे दोन मणी वाढवून घ्यायलाही मनाई. त्यामुळे सौंसरच्या कोर्टातून परत मिळालेली पोत गळ्यात घालून बाई पुढच्या शनिवारी पुन्हा जामसावळीच्या रांगेत उभी राहते. कागदोपत्री मात्र तो अजून मुद्देमालच असतो, आणि या वेळी ती काही झालं तरी तो गाडीत ठेवून जात नाही.